जपानमध्ये पोलिसांशी गाठ पडली तर: नव्यानं येणाऱ्यांसाठी

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकतच आपण वाढलो आणि पोलीस चौकीलाही तोच नियम लावून टाकला. पुण्या-मुंबईहून टोकियोला येणारी बरीच मंडळी ही सवय सोबत घेऊन येतात. मग पाकीट हरवलं, सायकल चोरीला गेली, रात्री कुणी मागं मागं येतंय असं वाटलं, तरी चौकीत जात नाहीत. आणि जिथं खरोखर जपून राहायला हवं, तिथं 'एकदाचं मिटू दे' म्हणून न कळलेल्या कागदावर सही करून मोकळे होतात. जपानमध्ये हे नेमकं उलटं करायला हवं. चौकीत बिनधास्त जा. सही मात्र कागद समजल्याशिवाय करू नका. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

बॅग भरताना

पोलिसांशी सगळ्यात वाईट गाठ विमानतळावरच पडू शकते, तीही औषधांमुळे. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये आणायला बंदी आहे. अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. कोडीन किंवा झोपेचं, मानसिक आजाराचं औषध असेल तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य मंत्रालयाचे नियम पाहून घ्या. चिठ्ठीवरची नेहमीची औषधं साधारण एक महिन्याची आणता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी मंजुरीचा कागद काढावा लागतो. आई 'असू दे' म्हणून डब्यात भरून देते त्या सुट्या गोळ्या घरीच ठेवा. पाकिटावर नाव असलेलीच औषधं आणा.

भांगेबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे होळीला ती कुणाला गुन्हा वाटत नाही. १२ डिसेंबर २०२४ पासून जपानमध्ये गांजा बाळगणंच नव्हे, तर सेवन करणंही गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. अमली पदार्थांच्या प्रकरणात दोषी ठरलात तर शिक्षा स्थगित झाली तरीही देशातून पाठवणी होऊ शकते. भांगेची गोळी, भांग घातलेली मिठाई, काहीही आणू नका.

पहिल्या आठवड्यात

मोठ्या विमानतळावर उतरताच तुमच्या हातात झायर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, पडतं. २०१२ च्या जुलैपासून ही पद्धत आहे. वय १६ पूर्ण असेल तर ते कायम जवळ ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. कायम म्हणजे कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे छोट्या दुकानात, दूध आणायला जातानाही. जवळ नसलं तर २ लाख येनपर्यंत दंड. पोलिसांनी मागितल्यावर दाखवायला नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स कार्डाच्या जागी चालत नाही. पर्यटक म्हणून आलेल्या आईवडलांना पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. त्यांना हे आवर्जून सांगा, कारण 'हॉटेलच्या तिजोरीत ठेवलाय' ही सवय आपल्याकडे पक्की असते.

राहायची जागा ठरली की १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवा. तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो. घर बदललं की पुन्हा तेच. विद्यार्थी असाल आणि काम करणार असाल तर त्याच मागच्या बाजूला परवानगीचा शिक्का लागतो, तोही आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत. रस्त्यात पोलीस कार्ड पाहतात तेव्हा ते उलटूनही पाहतात. पत्ता जुना, मुदत संपलेली किंवा शिक्का नाही, यातलं काही निघालं की दोन मिनिटांची चौकशी तासाभराची होते.

सायकल घेताच

टोकियोतल्या निशि-कासाईसारख्या आपल्या लोकांच्या वस्तीत स्टेशन ते घर सायकलच असते. पोलिसांशी पहिली भेट बहुतेकांची तिच्यावरूनच होते, म्हणून इथं जरा थांबतो.

प्रत्येक सायकलीची बोहान तोरोकु नावाची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. नवी सायकल घेताना दुकानदारच ती करून देतो, सहाशे-सातशे येन लागतात. सीटखालच्या नळीवर छोटा स्टिकर लागतो, त्यावर नंबर. रात्री पोलीस थांबवतो तेव्हा बॅटरी मारून तो नंबर वाचतो, वायरलेसवर कळवतो आणि पलीकडून मालकाचं नाव येतं. तुमचं नाव आणि ते नाव जुळलं की 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणून सोडून देतो.

नाव जुळलं नाही तर पंचाईत. मायदेशी परतणारा मित्र जाताना सायकल देऊन जातो, ती त्याच्याच नावावर राहते, मित्र बंगळुरूत आणि तुम्ही रात्री अकरा वाजता पोलिसांसमोर. म्हणून कुणाची वापरलेली सायकल घेताना त्याच्याकडून हस्तांतराचा सहीचा कागद घ्या, त्याला जुनी नोंदणी रद्द करायला लावा आणि दुकानात जाऊन स्वतःच्या नावानं नवी करा. नोंदणीची पावती फोनमध्येही ठेवा. स्टेशनजवळ महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली सायकल 'टाकलेलीच आहे' म्हणून उचलू नका. दुसऱ्याची हरवलेली वस्तू स्वतःकडे ठेवणं हा इथं वेगळा गुन्हा आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

चालवण्याचे नियमही कडक झालेत. हातात फोन धरून सायकल चालवणं आणि पिऊन सायकल चालवणं यांवर नोव्हेंबर २०२४ पासून जबर शिक्षा आहे. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं पूर्ण झालेल्या सायकलस्वारांना जागेवर निळी पावती मिळते: फोनसाठी १२ हजार येन, सिग्नल तोडल्यास ६ हजार. ऑफिसच्या पार्टीतून दोन बिअर पिऊन निघालात तर सायकल ढकलत घरी न्या.

रस्त्यात अडवलं तर

याला शोकुमु शित्सुमोन म्हणतात. १९४८ च्या पोलीस कर्तव्य कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्याचा आधार आहे. वागण्यावरून किंवा आजूबाजूच्या परिस्थितीवरून संशयाला रास्त कारण असेल तरच पोलीस थांबवून प्रश्न विचारू शकतात. मनाविरुद्ध उत्तर द्यायला किंवा ठाण्यावर यायला भाग पाडता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात आपल्या वर्णाची, आपल्या चेहऱ्याची माणसं स्टेशनबाहेर, रात्री रिकाम्या गल्लीत जास्त अडवली जातात. टोकियो बार असोसिएशननं, म्हणजे वकिलांच्या संघटनेनं, २०२२ मध्ये दोन हजारांहून अधिक परदेशी वंशाच्या रहिवाशांना विचारलं, तेव्हा ६२.९ टक्के लोकांनी मागच्या पाच वर्षांत पोलिसांनी अडवल्याचं सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या दूतावासानं आपल्या नागरिकांना वांशिक संशयावरून होणाऱ्या अशा तपासणीबद्दल जाहीर सावध केलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी मुळाच्या तिघा रहिवाशांनी टोकियो जिल्हा न्यायालयात याविरुद्ध दावा लावला, त्यातला एक जण तर जपानी नागरिक झालेला होता. तेव्हा अडवल्यावर मनात जो संताप येतो तो खरा आहे आणि तुमचं काही चुकलेलं नाही. पण त्या क्षणी रस्त्यावर वाद जिंकता येत नाही. डोकं शांत ठेवून क्रमानं हे करा.

आधी थांबा. पळू नका, हात खिशात घालू नका, पोलिसाच्या अंगाला हात लागू देऊ नका. नुसता धक्का लागला तरी सरकारी कामात अडथळ्याचा आळ येऊ शकतो. साध्या वेशातला असेल तर 'केइसात्सु तेच्यो ओ मिसेते कुदासाइ' म्हणा, म्हणजे ओळखपत्र दाखवा. ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. गणवेशातल्या पोलिसाच्या छातीवर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा बिल्ला असतो, तो मनात नोंदवा.

मग कारण विचारा: 'दोशिते देसु का?' सूर चौकशीचा ठेवा, भांडणाचा नको. कार्ड मागितलं तर दाखवा. इथं आपल्याला पर्याय नाही, कारण झायर्यू कार्डाची सक्ती वेगळ्या कायद्याची आहे. मात्र मॉलचा सुरक्षारक्षक, घरमालक किंवा रस्त्यावरचा कुणीही हे कार्ड सक्तीनं मागू शकत नाही.

बॅग पाहू का, असं विचारतील. ही संमतीची गोष्ट आहे. 'कोरे वा निन्इ देसु का?' म्हणजे हे ऐच्छिक आहे का, असं विचारता येतं. फोनमधले मेसेज दाखवायला तर वॉरंटशिवाय बांधील नाहीच. पण नकार दिला की बहुतेक वेळा वायरलेसवरून आणखी दोघं-तिघं येतात आणि 'फक्त एकदा बघू द्या' हे बराच वेळ चालतं. बॅगेत काही आक्षेपार्ह नसेल आणि ट्रेन गाठायची असेल तर मी चेन उघडून दाखवतो. कुणी तत्त्वासाठी ठाम उभं राहिलं तर तेही योग्यच आहे. दोन्हीत आवाज चढवायचा नाही.

बॅगेत काय नसावं हेही सांगतो: चाकू. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय बाळगणं शस्त्र कायद्यात बसत नाही, आणि त्याहून छोटा किल्लीला लावायचा चाकूही किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात अडकवू शकतो. 'सहज असावा म्हणून' हे कारण मानलं जात नाही. ट्रेकिंगहून परतल्यावर सॅक रिकामी करा.

घरी पोचल्यावर तारीख, वेळ, जागा, बिल्ल्याचा नंबर, काय विचारलं हे लिहून ठेवा. वागणूक अन्यायाची वाटली तर त्या प्रांताच्या कोआन इइन्काइकडे, म्हणजे पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे, लेखी तक्रार करता येते. पोलीस कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार तिचं लेखी उत्तर द्यावं लागतं.

स्वतःहून कोबानमध्ये

देशभर सहा हजारांच्या वर कोबान आहेत, म्हणजे वस्तीतल्या छोट्या पोलीस चौक्या. दारावर लाल दिवा, आत एक टेबल, भिंतीवर परिसराचा भला मोठा नकाशा. पत्ता विचारायला जा, कुणी हसत नाही. पोलीस नकाशावर बोट फिरवत दुसरं वळण, तिसरी इमारत असं दाखवून देतो. कधी आत कुणीच नसतं. मग टेबलावरचा फोन उचला, तो ठाण्याला लागतो.

पाकीट, फोन, छत्री, काही हरवलं तर कोबानमध्ये जाऊन इशित्सु तोदोके, म्हणजे हरवल्याच्या नोंदीचा अर्ज, भरा. रंग, कंपनी, आत काय होतं, कुठं शेवटचं पाहिलं, हे जितकं बारीक सांगाल तितकं बरं. वस्तू तीन महिने सांभाळली जाते. ज्याला सापडली त्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा हक्क कायद्यानं आहे, हे ध्यानात असू द्या. तुम्हाला काही सापडलं तर तुम्हीही तिथंच नेऊन द्या. झायर्यू कार्डच हरवलं तर आधी कोबानमध्ये नोंद करून नंबर घ्या आणि तो घेऊन १४ दिवसांत न्यूकान, म्हणजे इमिग्रेशन कार्यालयात नव्या कार्डासाठी अर्ज करा.

चोरी, छेडछाड, मारहाण झाली असेल तर हिगाइ तोदोके, म्हणजे पीडिताची तक्रार. कधी कधी ती लगेच लिहून घेत नाहीत, 'पाहतो' म्हणतात. निघून येऊ नका, 'हिगाइ तोदोके ओ दाशिताइ देसु', म्हणजे मला तक्रार द्यायची आहे, हे वाक्य पुन्हा म्हणा आणि शक्य तर जपानी बोलणारा सहकारी सोबत न्या. तातडीचं नाही पण मनाला लागून राहिलंय, कुणी पाठलाग करतंय, जुना जोडीदार धमक्या देतोय, अशा गोष्टींसाठी #९११० ही सल्ल्याची लाइन आहे.

११० फिरवताना

११० पोलीस, ११९ आग आणि रुग्णवाहिका. फोन उचलताच पहिला प्रश्न येतो: 'जिकेन देसु का, जिको देसु का?' गुन्हा की अपघात. एका शब्दात उत्तर द्या. जपानी जमत नसेल तर 'इंग्लिश प्लीज' म्हणा, दुभाष्याला जोडून घेतात. दुसरा प्रश्न जागेचा असतो आणि नवखा माणूस तिथं गडबडतो. आजूबाजूला शीतपेयांचं मशीन शोधा. त्याच्यावर पत्त्याचा छोटा स्टिकर असतो, तो वाचून दाखवा. नाही तर विजेच्या खांबावर पाहा.

गाडीचा किंवा सायकलचा अपघात कितीही किरकोळ असला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समोरचा माणूस वाकून वाकून माफी मागेल, 'दाइजोबु', म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणत निघून जाईल. त्याला जाऊ देऊ नका. नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय विमा अडतो.

दारावर आले तर

कधी कोबानचा पोलीस घरोघरी फिरून कोण राहतं, तातडीला कुणाला कळवायचं, याचं कार्ड भरून घेतो. ते ऐच्छिक आहे. ओळखपत्र पाहून मग दार उघडा.

दुसरं कारण आवाजाचं. इथले शेजारी तुमचं दार वाजवत नाहीत, थेट ११० फिरवतात. गणपतीत पन्नास माणसं वन-रूममध्ये आरतीला जमली, टाळ-झांजा वाजल्या आणि नऊच्या पुढे अंताक्षरी रंगली की खाली दोन पोलीस हजर होतात. आवाज कमी करा म्हणून सांगतात आणि जातात. माफी मागा आणि खरोखर कमी करा. मोठा कार्यक्रम असेल तर वॉर्डाचं सभागृह भाड्यानं मिळतं, आपली मंडळं तेच करतात.

ठाण्यावर चला म्हणाले तर

आता सगळ्यात जड भाग. आधी विचारा: 'ताइहो देसु का, निन्इ देसु का?' अटक की ऐच्छिक. ऐच्छिक असेल तर नकार देता येतो, किंवा आधी वकिलाशी बोलून येतो असं सांगता येतं.

अटक झाली तर घड्याळ असं चालतं. ४८ तासांत पोलीस प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवतात. तो २४ तासांत न्यायाधीशाकडे कोठडी मागतो. ती १० दिवस, मग आणखी १० दिवस. मिळून २३ दिवस, आरोपपत्राशिवाय. या काळात जामीन नाही, तो आरोप ठेवल्यानंतरच मागता येतो. दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक केली तर मोजणी नव्यानं सुरू होते. चौकशीच्या खोलीत वकिलाला बसू देत नाहीत. ध्वनिचित्रमुद्रणही गंभीर गुन्ह्यांसारख्या ठरावीक प्रकरणांतच सक्तीचं आहे. भारतातून आलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

तेव्हा चार वाक्यं पाठ हवीत. 'त्सुयाकु ओ ओनेगाइ शिमासु', दुभाषी द्या. रोजचं जपानी येत असलं तरी दुभाषीच मागा, कायद्याची भाषा वेगळी असते. 'तोबान बेन्गोशि ओ योन्दे कुदासाइ', पाळीवरचा वकील बोलवा. त्याची पहिली भेट मोफत असते आणि त्या भेटीत पोलीस हजर राहू शकत नाहीत. घरच्यांनी किंवा मित्रांनी त्या भागातल्या बार असोसिएशनला फोन करूनही त्याला पाठवता येतं. 'ताइशिकान नि रेन्राकु शिते कुदासाइ', दूतावासाला कळवा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानं हा हक्क दिलाय. भारतीय दूतावास टोकियोत आहे, ओसाकात वाणिज्य दूतावास आहे. ते सोडवून आणू शकत नाहीत, पण वकिलांची यादी देतात आणि घरी कळवतात. चौथं, 'मोकुहि शिमासु', मी गप्प राहतो. संविधानाच्या ३८ व्या कलमानं हा हक्क परदेशी माणसालाही आहे.

आणि सही. तुम्ही जे बोलता ते पोलीस स्वतःच्या शब्दांत एका सलग निवेदनात लिहितो. त्याला चोशो म्हणतात. शेवटी ते वाचून दाखवून सही आणि बोटाचा ठसा मागतात. 'रागात हात लागला' याचं तिथं 'मारण्याच्या इराद्यानं हात उचलला' होऊ शकतं. तुमच्या भाषेत पूर्ण वाचून घ्या. चुकीचं वाक्य बदलायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. बदललं नाही किंवा समजलं नाही तर सही करू नका. सही नाकारणं हा गुन्हा नाही. खटला उभा राहिला की इथं ९९ टक्क्यांहून अधिक आरोपी दोषी ठरतात आणि न्यायालयात या कागदाला फार वजन असतं. उलट बाजूनं, किरकोळ प्रकरणं सरकारी वकील खटला न भरताच सोडून देतात, वकिलामार्फत पीडिताशी जिदान, म्हणजे भरपाई देऊन समेट झाला असेल तर जास्तच. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत वकील गाठणं इतकं मोलाचं. पैशांची चिंता असेल तर कोठडी मंजूर झालेल्या गरजूंना सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाहेरच्या माणसांना कायद्याची माहिती हवी असेल तर होतेरासु या सरकारी संस्थेची परदेशी भाषांतली लाइन ०५७०-०७८३७७ आहे, तिथं इंग्रजीत बोलता येतं.

कंपनीला कळवायचं का, हे वकिलाला विचारून ठरवा. मात्र २३ दिवस गायब राहिल्यावर नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतात, म्हणून बाहेर एक तरी माणूस असा हवा ज्याच्याकडे तुमच्या कार्डाची प्रत, घरच्यांचा नंबर आणि कंपनीचा नंबर आहे. तो आजच ठरवा.

फोनवरचा पोलीस

भारतात 'डिजिटल अरेस्ट'नं लोकांना लुटलं, तोच प्रकार जपानमध्येही जोरात आहे. फोन येतो, शेवटचे आकडे ०११० दिसतात, जे खऱ्या पोलीस ठाण्यांचेही असतात. 'तुमच्या नावाचं बँक खातं गुन्ह्यात सापडलंय' म्हणतात, लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून गणवेश दाखवतात, नावाचं अटक वॉरंट पाठवतात, आणि मग तपासासाठी पैसे अमुक खात्यात टाका. व्हिसाच्या काळजीत असलेला नवखा माणूस याला पटकन बळी पडतो. खरे जपानी पोलीस लाइनवरून वॉरंट दाखवत नाहीत आणि पैसे कधीच मागत नाहीत. त्या माणसाचं नाव, ठाणं, विभाग विचारून फोन ठेवा. त्यानं दिलेला नंबर फिरवू नका, ठाण्याचा नंबर स्वतः शोधा आणि तिथं विचारा. किंवा सरळ उठा आणि जवळच्या कोबानमध्ये जाऊन तो कॉल दाखवा.